नेव्हिलचा हात

जुलैतला तो आठवडा चौघांचा ठरलेला होता. क्लाइव्ह, त्याची बायको ग्लेनिस, तोंडाळ स्टुअर्ट आणि नेव्हिल. सगळे साठी ओलांडलेले, लँकाशरमधल्या एकाच सायकल क्लबात वाढलेले. दरवर्षी यॉर्कशरच्या डोंगरांत त्याच बाईंकडे खोल्या घ्यायच्या, दिवसभर घाट चढायचे-उतरायचे आणि संध्याकाळी बिअर पीत एकमेकांची टर उडवायची. यंदा पाऊस हात धुऊन मागे लागला होता. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सकाळी तेच ओले बूट पायांत चढवायचे. कुरकुरत मात्र कुणी नव्हतं. पाऊस आहे म्हणून घरी बसायचं, तर त्या मुलखात सायकल घ्यायचीच कशाला?

नेव्हिलला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसलं जाईल. गाडी बंद करा आणि रस्त्यावर सायकलही नको. त्यानं मुकाट्यानं गाडी विकली आणि पेट्रोल परवडत नाही असं सगळ्यांना सांगून टाकलं. सायकलबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. बायको गेल्यापासून त्याला माणसांत आणणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. ती गेली की खुर्ची, किटली आणि खिडकी, आणि खिडकीतूनही आता धड दिसायचं नाही.

रांगेत सायकल चालवायची एक रीत असते. सगळ्यांत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि सगळ्यांसाठी रस्ता बघतो. खड्डा आला की हात खाली करून दाखवतो. मागचा माणूस पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून त्या हाताच्या भरवशावर जातो. पावसात तर पुढच्या चाकाचं पाणीच डोळ्यांत उडत असतं. पुढे राहायची पाळी प्रत्येकानं घ्यायची. पाळी चुकवून मागच्या आडोशाला राहणाऱ्याला म्हणतात जळू. बायकोला टाकून पळालेल्या माणसालाही क्लबात कुणीतरी चहा विचारील, जळवेला नाही विचारणार.

आणि नेव्हिलच्या हाताचं तर नाव होतं. नेव्हिल पुढे असला की डोळे मिटून चालवा, असं नवीन पोरांना सांगितलं जायचं.

सोमवारी आणि मंगळवारी तो गुडघ्याचं निमित्त करून क्लाइव्हच्या मागे राहिला. क्लाइव्हचं लाल जाकीट डोळ्यांच्या कडेला धरून चालवलं की निभत होतं. मंगळवारी दुपारी चौघं निथळत एका चहाच्या दुकानात शिरले, तेव्हा स्टुअर्टला राहवलं नाही.

"गुडघा भारी शहाणा आहे रे तुझा," तो म्हणाला. "चढावर दुखत नाही, उतारावर दुखत नाही, पाळी आली की बरोब्बर दुखतो."

"वय झालं लेका."

"वय क्लाइव्हचंही झालंय. दोन दिवस वारा तोच खातोय. तू बस आपला आडोशाला. ग्लेनिस, ह्याच्यासाठी जळवांची बरणी आण."

"गप रे," ग्लेनिस म्हणाली, पण तीही हसली.

क्लाइव्ह हसला नाही. त्यानं टेबलावरचं सांडलेलं दूध कागदानं टिपलं. नेव्हिल ते चहात घालायला गेला होता आणि कपाच्या बाहेरच ओतलं गेलं होतं.

"उद्या मी पुढे," नेव्हिल म्हणाला. हे उसनं अवसान होतं, आणि तोंडातून निघाल्याक्षणी त्याला ते कळलंही. पण शब्द परत घ्यायचा तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं.

बुधवारी तो जीव मुठीत धरून पुढे राहिला. समोरचा रस्ता म्हणजे करडा डाग. कडेच्या दगडी भिंती तेवढ्या दिसत, त्यांच्या मधोमध आपण आहोत एवढ्या अंदाजावर तो चालवत होता. खबरदारी म्हणून काळं दिसेल तिथे हात खाली करत होता. डांबराचं ठिगळ, शेण, सगळ्याला हात. मागे क्लाइव्ह, मग ग्लेनिस, शेवटी स्टुअर्ट.

"अरे, हे खड्डे आहेत की तू कोंबड्यांना दाणे टाकतोयस?" संध्याकाळी स्टुअर्टनं विचारलं. "माझी मान दुखायला लागली उगाच खाली बघून."

सगळे हसले, नेव्हिलसुद्धा हसला. आणि उद्यापासून खात्री असेल तेव्हाच हात काढायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं. एवढंच केलं त्यानं.

गुरुवारी खिंडीवरून उतरताना पाऊस तिरपा येत होता. स्टुअर्ट पाळी घ्यायला पुढे निघाला, तर मीच पुढे राहतो म्हणून नेव्हिलनं नकाराची मान हलवली. क्लाइव्ह घाईनं नेव्हिलच्या चाकामागे आला. अर्ध्या उतारावर समोरच्या डागात काहीतरी गडद झालं. नेव्हिलचा हात हँडलवरून निघाला. ठिगळच असेल, असं त्याला वाटलं आणि हात परत हँडलवर गेला.

त्याचं चाक खड्ड्याच्या कडेवरून निसटून गेलं. मागे लोखंड आपटल्याचा आवाज आला, मग ग्लेनिसची किंकाळी. क्लाइव्ह हँडलवरून उडून दगडी भिंतीवर पाठीनं आदळला होता. डोळे उघडे होते. "पाय कुठायत माझे?" तो विचारत होता, अगदी हळू आवाजात.

शुक्रवारी इस्पितळात सांगितलं की पाय आता हलणार नाहीत.

"पाण्याखालचा खड्डा," स्टुअर्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पाण्याखालचा कुणाला दिसणार?"

ग्लेनिसनं नेव्हिलचा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नकोस. तुला दिसला नाही, म्हणजे कुणालाच दिसला नसता."

नेव्हिलला तो हात सोडवून घेता येईना. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शनिवारी पाऊस थांबला. नेव्हिल बसनं खिंडीपर्यंत गेला आणि पायी उतरू लागला. ऊन पडलं होतं. भिंतीवर लाल रंगाचा ओरखडा सापडला, तिथे तो थांबला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिला. करड्या डागात खड्डा कुठेच दिसेना. त्यानं पाऊल टाकलं आणि ते घोट्यापर्यंत आत गेलं. मग मान वळवून डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. बादलीच्या तोंडाएवढा खड्डा होता, कडा तुटून पांढऱ्या पडलेल्या. उताराकडची कड तर पार फुटलेली, पाणी त्यात टिकतच नव्हतं. गुरुवारीही साचलेलं नसणार. शेंबड्या पोरालाही दिसला असता.

तो भिंतीला टेकून रडला, आणि मग मिळेल त्या बसनं इस्पितळात गेला.

क्लाइव्ह छताकडे बघत पडला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मला दिसत नाही, क्लाइव्ह. समोरचं. मे महिन्यापासून मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," क्लाइव्ह म्हणाला. "मंगळवारपासून. दूध सांडलंस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. चारचौघांत तुझं नाक कापायचं नव्हतं मला." तो छताकडेच बघत होता. "म्हणून तर तुझ्या मागे दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. म्हटलं, तुझ्या खांद्यावरून मीच बघेन. उतारावर तुझ्या चाकाच्या पाण्यानं डोळे भरले होते. तेवढ्यात तुझा हात निघालेला दिसला. म्हटलं, ह्याला दिसला वाटतं. आणि मग हात परत गेला."

नेव्हिलनं पलंगाची कड घट्ट धरली.

"ग्लेनिसला ठाऊक आहे?"

"नाही. आणि मी सांगणार नाही. रात्रभर ती तुझीच काळजी करत होती." क्लाइव्हनं डोळे मिटले. "तूच सांग."

दारात कुणीतरी आलं. नेव्हिलला समोर नुसता डाग दिसला. त्यानं मान थोडी वळवली, तेव्हा ग्लेनिस दिसली. तिच्या हातात चहाचे दोन कप होते, आणि त्यातला एक तिनं त्याच्यापुढे धरला होता.

"कप खाली ठेव, ग्लेनिस," तो म्हणाला. "आधी मी काय केलंय ते ऐक."