खिळ्यांनी टोचलेले पत्र

मित्रांनो, मी एक जुने पत्र आहे. माझ्या अंगभर भोके आहेत आणि गंधकाचा वास अजून गेलेला नाही. तुम्ही मला असे बिनधास्त हातात धरले, याचेच मला नवल वाटते.

मला सायलस प्रुएट या खगोलशास्त्र्याने मिसिसिपीच्या काठी लिहिले. गावात पिवळ्या तापाने माणसे मरत होती. सायलसही अंथरुणाला खिळला होता. तशातच त्याने एका अंधूक धूमकेतूची जागा आणि चाल आकड्यांत मांडली. तो धूमकेतू दुसऱ्या कुणीच पाहिला नव्हता. शेवटी त्याने ओहायोतल्या आपल्या आकाश पाहणाऱ्या मित्राला लिहिले, "हॉलिस, मला तापात भास तर झाला नाही ना? तू बघ आणि लवकर कळव. माझा काही भरवसा नाही."

तापाच्या गावाहून आलेले टपाल रोग पसरवते, या समजुतीने वाटेत आगगाडी अडवली गेली. नाकाला फडके बांधलेला एक माणूस सोबत्यावर खेकसला, "लांब धर की! मला मारायचंय का?" त्याने खिळ्यांची फळी माझ्यावर दाणकन आपटली आणि भोकांतून गंधकाची धुरी दिली. आता हे मला जाळणार, या भीतीने माझा जीव अर्धा झाला.

ओहायोत हॉलिस ट्रेमेनच्या दारात पोहोचले, तर त्याची बायको कॉर्डेलिया पाळण्याला पाठ लावून उभी राहिली.

"ते घरात आणलंत, तर मी बाळाला घेऊन चालले!"

"अगं, धुरी दिलीय त्याला."

"धुरी त्या गावालाही दिली होती. माणसं मरायची थांबली का?"

हॉलिसने मला कोठारात नेले आणि चिमट्याने उलगडले. पाहतो तर खिळ्याने नेमका एक आकडा खाल्लेला! अंदाजाने तो भरून 'सापडला' असे कळवणे सोपे होते. हॉलिसने तसे केले नाही. त्या भोकाच्या जागी शून्यापासून एकेक आकडा धरून तो रोज पहाटे दुर्बीण लावू लागला. कधी ढग आडवे येत. सायलस तोवर जगेल का, ही काळजी त्याला लागून राहिली.

कॉर्डेलिया दारातूनच विचारायची, "दिसला का?"

एका पहाटे तो धावत आला. "आठ! आठ होता तो आकडा!"

"मग उभे काय राहिलात? आधी त्यांना लिहा, जगाला मागाहून सांगा!"

उत्तर त्याच दिवशी गेले. थंडी पडल्यावर ते न उघडताच परत आले. वर लिहिले होते, घेणारा हयात नाही.

कॉर्डेलियाने ते चिमट्याशिवाय, उघड्या हाताने घेतले. मग कोठारात येऊन तिने मलाही उचलले, घरात नेले आणि आम्हा दोघांना एका पेटीत ठेवले.

मित्रांनो, भीती कुणाला चुकली आहे? मीही भ्याले. पण कुणी उत्तरासाठी ताटकळत असेल, तर त्याचे पत्र भीत भीत का होईना, आधी उघडा. मला खुशाल वाचा, फक्त माझे ते आकड्याचे भोक बुजवू नका. आणि माझ्याजवळचे हॉलिसच्या उत्तराचे ते बंद पाकीट मात्र फोडू नका. ते सायलसचे आहे.