तीनशे पन्नास ग्रॅमचा तोफू

कुरामोतोंच्या तोफूची वडी लहान होत चालली आहे, असा संशय मला ऑगस्टमध्ये आला. जपानमधल्या त्सुरुओका गावातल्या वीस दुकानांतले भाव दर महिन्याला सरकारी पाहणीसाठी टिपणं हे माझं काम. तोफूचं वजनही नोंदवायचं असतं. जूनमध्ये वडी चारशे ग्रॅमची होती, ऑगस्टमध्ये तीनशे ऐंशी, आणि आज, ऑक्टोबरमध्ये, तीनशे पन्नास. भाव मात्र पंधरा वर्षं तोच, शंभर येन.

"आज पाणी जरा जास्त निथळलं असेल," कुरामोतो म्हणाले.

"पाणी निथळलं तर वडी घट्ट लागते. ही तर नेहमीसारखीच मऊ आहे." मी पट्टी काढली. "आणि उंची सहा मिलिमीटरनं कमी."

"पट्टीसुद्धा आणलीस? कुणी तक्रार केली का? रोज एक वडी नेणाऱ्या त्या हानाएदाबाईनं?"

आतून त्यांची बायको इकुए ओरडली, "अहो, सांगून टाका ना! सोयाबीन महागलंय, येन पडलाय. मंत्री रोज टीव्हीवर सांगतायत, भाव वाढू द्या, तरच पगार वाढतील म्हणून!"

"मंत्री येतो का तोफू घ्यायला? दहा येन वाढवले की हानाएदाबाई सुपरमार्केटात. तिच्यामागून अख्खी गल्ली. मग दुकान तूच चालव." ते माझ्याकडे वळले. "ताई, शंभर येन एवढंच लिही. वजन कोण बघतंय?"

"मी बघते. आणि कारखान्यात पगार वाढत नाही म्हणून जी हानाएदाबाई एकेक येन बघते, तीही बघत असेल. वजनाच्या हिशेबानं तुमचा भाव चौदा टक्के वाढलाय. उघड दहा येन वाढवले असते, तर दहाच टक्के वाढला असता."

ते मान खाली घालून आत गेले.

नोव्हेंबरमध्ये गेले तेव्हा वडी चारशे ग्रॅमची होती आणि भाव एकशे दहा. दारावर कुंचल्यानं लिहिलेला हातभर कागद होता: पंधरा वर्षं भाव सांभाळला, आता जमलं नाही, मनापासून क्षमा मागतो. कागदाशेजारी नवराबायको कमरेत वाकून उभे होते. समोर हानाएदाबाई.

"एवढी माफी दहा येनसाठी?" तिनं डोळे बारीक केले. "खरं सांगा. कोण आजारी आहे? की दुकान विकताय?"

"तसं काही नाही हो."

"मग पुढच्या महिन्यात आणखी वाढवणार."

"नाही, अजिबात नाही. शपथ."

"वाढवणारा आधी कधी सांगतो का?" तिनं डबा पुढे केला. "चार द्या."

"चार? रोज एक नेता तुम्ही. खराब होईल."

"फ्रीजरमध्ये टाकीन. याच भावात मिळतोय तोवर घेऊन ठेवते."

ती गेल्यावर कुरामोतो माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, भाव आणखी वाढणार असं हिला तू काही सांगितलंस का?"

"नाही."

त्यांना ते पटलं नाही. गल्लीच्या वळणावर हानाएदाबाई शेजारणीला थांबवून डबा उघडून दाखवत होती, आणि शेजारीण दुकानाकडे बघत पाकीट काढत होती.