लोकवस्ती : निरंक

नगररचनाकार साहेबांच्या घरी सकाळचा चहा दोनदा होई. पहिला साखरेचा, दुसरा बायको उठल्यावरचा. त्या दिवशी दुसऱ्या कपाबरोबर ताई आली.

ताई त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं आणि माहेरानं, म्हणजे साहेबांनी, रंगाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांत. त्या रांगेत अशाच बायका होत्या. कुणाची आत्या, कुणाची मावशी. शहरातल्या बऱ्या घरांनी ही सोय एकमेकांना न विचारता शोधून काढली होती. भाडं कमी, कारण श्वास घ्यायची पंचाईत. आणि जागा लांब, त्यामुळे येणंजाणं आपोआप कमी. याला घरोघरी 'तिला तिचं स्वातंत्र्य हवं असतं' असं म्हणत.

"बाळू, कारखान्याची नवी टाकी आमच्या भिंतीला लागून बसतेय म्हणे. वायूची."

"अजून मंजूर नाही, ताई."

"मंजूर कोण करतं?"

"समिती."

"आणि समितीला सांगतं कोण?"

साहेबांनी चहा फुंकला. तो केव्हाच गार झाला होता.

"वन्सं, डोळे किती लाल झालेत हो," त्यांची बायको कळवळून म्हणाली. "आणि सोफ्याला नका टेकू, कालच कव्हरं धुतलीत."

नियम सरळ होता. जवळ माणसं राहत असतील, तर कारखान्याभोवती रुंद हिरवा पट्टा सोडायचा. मग टाकीला जागा उरत नाही. माणसं नसतील, तर नकाशावर सगळं जांभळं, म्हणजे औद्योगिक. कारखान्याच्या मालकांचं झाडांवर प्रेम होतं, पण दुसऱ्याच्या जमिनीतल्या. साहेबांना निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून घ्यायचं त्यांनी कबूलही केलं होतं. साहेबांनी जागेची पाहणी केली. गाडीतून, काचा वर करून, कारण बाहेर वास फार होता. मग नकाशात त्या रांगेवर लिहिलं, 'गोदामे'. खाली लिहिलं, 'लोकवस्ती निरंक'.

हरकतींच्या सुनावणीला ताई इस्त्रीची साडी नेसून आली.

"बोला बाई, काय हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी त्या गोदामात राहते."

सभागृहात हशा पिकला.

"गोदामात माल असतो हो, बाई."

"तेच म्हणतेय. घरात नको झालेला."

हशा थांबला. अध्यक्ष साहेबांकडे वळले. "या तुमच्या भगिनी ना? खरंच तिथं राहतात?"

साहेबांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. हिरवा पट्टा पडला असता, टाकी हटली असती. पण मग भरल्या सभेत कळलं असतं, बहीण कुठं ठेवलीय ते.

"माझ्याकडे राहते," ते म्हणाले. "भाऊ असताना बहीण बाहेर राहील का? भावजी गेल्यापासून तिच्या मनावर जरा परिणाम झालाय, इतकंच."

सभागृह हळहळलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "असे भाऊ राहिले नाहीत हल्ली." हरकत फेटाळली गेली.

बाहेर जिन्यात ताईनं साहेबांना गाठलं. "बाळू, मग आजच येऊ का सामान घेऊन?"

"या आठवड्यात नको गं. हिच्या माहेरचे यायचेत."

"बरं," ताई म्हणाली. "मग आज मी कुठं राहते, तेवढं सांगून ठेव."

टाकी बसली. एका दुपारी तिची झडप निकामी झाली आणि वायू सुटला. रांगेतल्या बाकीच्या जणी कामाला गेल्या होत्या. ताई तिच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. 'सुदैवाने परिसरात लोकवस्ती नसल्याने जीवितहानी झाली नाही,' असं कारखान्यानं जाहीर केलं. मजकूर साहेबांनीच तपासून दिला होता, एक अनुस्वार सुधारून.

मग साहेबांनी सभेतला शब्द पाळला. ताईला मागच्या दारानं घरी आणलं. झोपेत गेली, असं सगळ्यांना सांगितलं.

भेटायला शेजारीण आली. "इथंच असायच्या? कधी दिसल्या नाहीत हो."

"फारशा बाहेर पडायच्या नाहीत," साहेबांची बायको डोळे टिपत म्हणाली.

"खोली कुठली त्यांची?"

बायको पॅसेजमध्ये जराशी घुटमळली, मग तिनं अडगळीच्या खोलीचं दार ढकललं. आत व्यायामाची सायकल होती, जुन्या बॅगा होत्या आणि कुजका वास.

शेजारणीनं सगळं नीट पाहिलं. "छान हवेशीर आहे," ती म्हणाली.

तिची स्वतःची आत्या त्याच रांगेत कडेच्या खोलीत राहत होती. तिलाही तिचं स्वातंत्र्य हवं असायचं.