कल्पाकाखालची वायर

ऐकू येतंय ना? आवाज जरा खरखरतो, चालवून घ्या. मी वांगी रंगाचा, काडेपेटीएवढा गाण्यांचा प्लेयर बोलतोय. माझ्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात पुसलं गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात. तिथून ट्रकमध्ये बसून, खिंडी ओलांडून डोंगरातल्या काराकोल गावाला आलो, ते २००७ साल. रायखानबाईंच्या दुकानात काचेच्या कपाटात जागा मिळाली. शेजारी दोघे होते. एक पांढरा, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. कॉम्प्युटर असल्याशिवाय तो कुणाचं काही आत घेत नसे. दुसरा रुंद पडद्याचा, सिनेमे दाखवणारा. तीन तासांत त्याचा जीव जायचा, पण गिऱ्हाईक त्याच्याकडेच धावायचं. माझ्यावर हिवाळाभर धूळ बसली.

वसंतात एका सकाळी कादिरकुल आणि त्याची बायको बुरुलकान दुकानात आले. डोक्यावर कायम कल्पाक, म्हणजे उंच लोकरी टोपी घालणारा कादिरकुल गावातला तमादा. लग्नात माइक धरून पाहुण्यांना एकेक करून मानाने बोलवायचं, मधूनमधून स्वतःची कवनं गायची, हे त्याचं काम. पस्तीस वर्षं कुणी त्याच्यात खोट काढली नव्हती. पण मागच्याच महिन्यात भर समारंभात त्याने नवऱ्यामुलाला त्याच्या वारलेल्या आजोबांच्या नावाने हाक मारली. लोक हसले. पुढच्या लग्नाच्या यजमानांनी मात्र निरोप धाडला, की जमत नसेल तर सांगा, आम्ही राजधानीहून, बिश्केकहून दुसरा आणतो. कवनं सगळी तोंडपाठ होती. नावं तेवढी पळून जायची.

कादिरकुल बघताक्षणी पांढऱ्यावर भाळला. रायखानबाई म्हणाल्या, यात दोन हजार गाणी मावतात. त्याने तो तळहातावर घेऊन दोनदा गालाला लावून पाहिला.

बुरुलकानने एवढंच विचारलं, "यात माझा आवाज भरता येईल का?"

"नाही एजे," रायखानबाई म्हणाल्या (एजे म्हणजे इथलं ताई) आणि मागून मला काढून आपल्या रुमालाने पुसलं. "आवाज भरायचा तर हा एकच. लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. एका पेन्सिल सेलवर दिवसभर चालतो."

कादिरकुलने तोंड वाकडं केलं. "अगं, पण दिसतो कसा हा."

"तुम्हाला कानातली वायर कल्पाकाखाली लपवायचीय आणि हा खिशात. दिसण्याचं काय घेऊन बसलात?"

मला उचललं ते त्या एका वाक्याने. पांढरा माझ्याकडे बघतही नव्हता.

बुरुलकानला त्या पुढच्या लग्नातल्या दोन्हीकडच्या पाहुण्यांची पाळंमुळं ठाऊक. कणीक मळता मळता तिने सतरा घरांची नावं क्रमाने माझ्यात भरली. प्रत्येक नावापुढे नवऱ्याला एक सूचनाही. यांना मोठ्याने बोलवा, कमी ऐकू येतं. यांच्या भावाचं नाव काढू नका, जमिनीवरून वाजलंय. सूचना आपल्या दोघांतच ठेवायच्या, बाहेर फक्त नाव सांगायचं, असं तिने त्याला तीनदा बजावलं. कादिरकुलने आठवडाभर सराव केला. उंच कल्पाक डाव्या कानावर ओढायचा, खिशात बटण दाबायचं, कानात पडेल ते नाव सुरात सोडायचं. सगळं झक्क जमलं.

लग्नाच्या दिवशी दारातच वरपित्याने त्याला कडकडून मिठी मारली. मी छातीच्या खिशात होतो. माझं एक बटण दबलं आणि सगळा क्रम विस्कटला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हाच कळलं होतं. पण मला विचारतो कोण?

पहिला मान गेला वरपित्याची गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला. तो बिचारा तोंडातला घास तसाच ठेवून उठला. दुसरा मान मेस्त्रीच्या मेहुण्याला. वधूकडच्या टेबलावर चमचे थांबले. कादिरकुलचं डोकं रिकामं झालं, आणि कानात पडेल ते सगळं तोंडातून बाहेर पडू लागलं.

"आता येताहेत वधूच्या आजेआत्या तुरसुनाय एजे," तो माइकवर गायल्यासारखं म्हणाला, "यांना सगळ्यात आधी बोलवा, नाहीतर वर्षभर तळलेल्या बोर्सोकसारख्या टम्म फुगून बसतील."

दोनशे माणसांत बुरुलकानने समोरच्या थाळीत मान घातली.

ऐंशीच्या तुरसुनाय एजे काठी टेकत माइकपाशी आल्या. हे तुला कोण शिकवतंय, असं त्यांनी हळू विचारलं. कादिरकुलने कल्पाक काढला. कानातून खिशापर्यंत गेलेली वायर सगळ्यांनी पाहिली. तो म्हणाला, "एजे, मला नावं आठवत नाहीत. दोन वर्षं झाली. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

म्हातारीने इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि मला ऐकू लागली. बराच वेळ ऐकत राहिली. मध्येच हसली, मध्येच "खरंय" म्हणाली. मग माइककडे वळली.

"ही बाई खोटं बोलत नाही. मी फुगतेच. नावं हिलाच घेऊ द्या, आणि याला गाऊ द्या."

बुरुलकान नको नको म्हणत असताना बायकांनी तिला पुढे ढकललं. पहिली दोन नावं ती अडखळत बोलली. मग उरलेली घरं तिने कागदाशिवाय, मानपान सांभाळत, अशी काही घेतली की शेवटी मेस्त्रीने उठून टाळ्या वाजवल्या. मध्ये मध्ये कादिरकुल गायला. मी खिशात होतो, त्याची छाती किती मोकळी झाली होती ते मला आतून कळत होतं. त्या वर्षापासून लोक दोघांना मिळून बोलावू लागले.

आता सगळं काम फोन करतो. माझं सेलचं झाकण हरवलंय, रबराने बांधलंय मला. हल्ली कादिरकुलची कवनंही अधेमधे निसटू लागलीत. म्हणून तो अंगणात जर्दाळू वाळत घालताना गुणगुणायला लागला, की बुरुलकान माझं लाल बटण दाबून मला हळूच परडीमागे ठेवते. त्याला पत्ता नाही. तुमच्याही कपाटात माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर फेकण्याआधी त्यात एक सेल घालून बघा.

आता थांबतो. त्याने घसा साफ केलाय, आणि मी बोलत राहिलो तर त्याच्या गाण्यात माझीच खरखर यायची.