पाणी न पिणारी गॅलरी

लालबागच्या त्या चाळीच्या चौकात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या माळ्याच्या चिरा गेलेल्या गॅलरीवर तुळशीदासबुवा कमंडलूतून पाणी ओतत होते आणि पाणी न मुरता गोळ्या होऊन गडगडत खाली पडत होतं.

“गंगामाईला बजावलंय, या वास्तूला शिवायचं नाही,” बुवा डोळे मिटून म्हणाले. “आता खालचे टेकू काढा. देवाच्या घराला कुबड्या शोभत नाहीत.”

संपात गिरणीची नोकरी गेली आणि तुळशीदास बुवा झाले. चाळीतल्या दगडूने लगेच टेकूला हात घातला.

गर्दीत उभा रघुवीर नुसता जळत होता. हमरस्त्यांचे पूल टिकावेत म्हणून पाणी झटकणारं काँक्रीट बनवण्यात तो प्रयोगशाळेत झिजत होता. त्याचा नमुना घरी दाखवला, तेव्हा लतिका म्हणाली होती, “छान आहे. पण ठेवू कुठे?” आणि आज तीच बायको बुवांपुढे हात जोडून उभी होती. असे डोळे विस्फारून तिने त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

तो जिना चढून वर गेला.

“जरा खरवडू, बुवा?”

“श्रद्धेला नख लावू नये, साहेब.”

रघुवीरने घराची किल्ली काढून जमीन खरवडली आणि तिथे पाणी ओतलं. काळा डाग पडला, पाणी आत गेलं.

“गंगामाईने ऐकलं नाही वाटतं,” खालून कुणीतरी म्हणालं.

“वरून सिलिकॉनचं औषध फासलंय. रंगाच्या दुकानात मिळतं. पुलासाठी आम्ही ते काँक्रीट कालवतानाच मिसळतो, म्हणून फोडलं तरी आत पाणी शिरत नाही. इथे नुसतं कातडं आहे. आतल्या सळ्या केव्हाच गंजल्यात.” खाली येऊन त्याने बांबूने गॅलरीचं पोट ठोकलं. एक ढलपा सुटून पडला आणि फुगलेली, लालभडक सळी दिसली. दगडूने टेकूवरून हात काढला.

“गिरणी बंद पडली तेव्हा तुमची प्रयोगशाळा कुठे होती?” बुवांनी वरून विचारलं.

लतिका जवळ आली. “अहो, हे मला कधी सांगितलंत?”

“नमुना दाखवला होता की.”

“दाखवलात. समजावलं नाहीत. बुवांनी निदान आम्हाला बोलावलं तरी.”

ते त्याला लागलं. तो लोकांकडे वळला. “मी बुवांवर जळत होतो, हे खरं. म्हणून माझाही शब्द मानू नका. माझं काँक्रीटसुद्धा खरवडा, फोडा, पाणी ओता. जो तपासू देत नाही, त्याच्या भरवशावर छपराखाली झोपू नका.”

लतिकाने त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि गॅलरी स्वतः खरवडून पाहायला ती जिना चढू लागली.