न दुखलेलं मनगट

मी एक हातमोजा बोलतोय. गोलकीपरचा, डाव्या हाताचा. पोर्ट हेरॉनच्या फुटबॉल क्लबात चहाच्या टेबलाशेजारी काचेचं कपाट आहे, त्यात मी असतो. येणारे-जाणारे माझ्याकडे आदरानं बघतात. त्यांची ती नजर मला नकोशी वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म सियालकोटच्या एका कारखान्यातला. जगातला माझा पहिला वास गोंदाचा. तळव्याला मऊ रबर, पाठीला निळं कापड, मनगटाला पट्टा. उजवा माझ्याबरोबरच शिवला गेला. आम्हाला एका पिशवीत घालून समुद्रापार ऑस्ट्रेलियात पाठवलं आणि ती पिशवी फोडली विबे टेर्पस्ट्रानं.

विबे हॉलंडचा, थेट उत्तरेकडच्या फ्रीसलंडचा. ताडमाड उंच, लाल कानांचा. घरच्या देशात त्याला मोठ्या क्लबनं कधी घेतलं नाही. मग तो बेल्जियमला गेला, तिथं बाकावर बसला. सायप्रसला गेला, तिथं क्लबच बुडाला. शेवटी बायको हिल्के आणि लहानगी फेना यांना घेऊन या किनाऱ्यावर आला आणि इथं त्याचं बस्तान बसलं. पस्तिशी ओलांडली तरी गोलात तोच उभा राहायचा. हिल्केला गावातल्या वृद्धाश्रमात काम मिळालं होतं. फेना तर शाळेतल्या मुलींसारखीच बोलायची. डच फक्त चिडली की.

विबेचा हात चांगला होता, हे मी मान्य करतो. चेंडू माझ्यात येऊन असा बसायचा, की वाटावं तो घरीच आला. पण त्याची एक सवय! त्याच्या देशात ज्येष्ठमधाच्या काळ्या, खारट गोळ्या खातात. तशी एक गोळी गालात ठेवायची आणि पकड घट्ट बसावी म्हणून माझ्या तळव्यावर थुंकायचं. काळं, चिकट, खारट. मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे. उजवा आणि मी, दोघंही डोळे मिटून घ्यायचो, म्हणजे डोळे असते तर.

"अरे चीजवाल्या, गटार खाल्लंस का?" कप्तान आंते ओरडायचा.

"तुम्हा लोकांना चव कळत नाही," विबे म्हणायचा आणि पुन्हा थुंकायचा.

सामना संपला की आम्ही बॅगेत. तिथं ओले मोजे, केळ्याची साल, पायाला गुंडाळून सोलून काढलेल्या चिकटपट्ट्या. मंगळवारपर्यंत कोणी चेन उघडायचं नाही. माणसं घराबाहेर पडताना अंगावर अत्तर मारतात आणि ज्या वस्तूंवर पोट भरतं त्यांना असं कुजवतात. पण ती घाण मी सोसली असती. धुतली की ती जाते.

खरी शिसारी बसली ती त्या बसण्याची.

फुटबॉलमध्ये दुसऱ्या कोणा खेळाडूला लागलं, तर उपचारासाठी त्याला मैदानाबाहेर जावं लागतं. गोलकीपरला बाहेर काढता येत नाही. त्याच्यावर गोलातच उपचार करतात आणि तोवर सगळा खेळ थांबतो. या चांगुलपणाचा फायदा कसा उठवायचा, ते प्रशिक्षक डेल प्रिचर्डनं शोधलं नव्हतं. ते सगळीकडेच चालायचं. पण डेलनं ते फार सफाईनं बसवलं होतं. समोरचा संघ जोरात चढून आला, आपल्या लोकांचा ताल गेला, की डेल डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरायचा. तेवढी खूण. विबे पुढचा चेंडू अडवायचा आणि गुडघा धरून खाली बसायचा. उपचार करणारी टीगन पिशवी घेऊन धावायची. दहाही खेळाडू रेषेपाशी डेलभोवती जमायचे आणि तो त्यांना कोण कुठं उभा राहील ते नव्यानं सांगायचा. तोवर समोरच्यांचा जोर ओसरलेला असायचा.

"कुठं दुखतंय आज?" टीगन गवतावर वाकून हळूच विचारायची.

"परवा उजवा गुडघा होता ना? आज डावा घे."

"बरं. तोंड तरी वाकडं कर जरा. कॅमेरा आहे."

आणि विबे तोंड वाकडं करायचा. त्या गुडघ्यावर मी असायचो. धडधाकट गुडघा, गरम, घट्ट. मी तो कुरवाळत असायचो, जणू खरंच काही झालंय. लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, माझी शिवण उसवावी आणि मी तिथंच गळून पडावं.

फेनाला आठ पुरी होऊन नववं लागलं होतं. तिलाही गोलातच उभं राहायचं होतं. दर शनिवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर तिच्या संघाचा सामना असायचा. विबे आम्हाला घालून आधी तिला चेंडू टाकायचा, मग आम्हाला काखेत मारून इतर आईबापांत उभा राहायचा. कोणी सॉसेज भाजत असे, कोणी हाफटाइमसाठी संत्र्याच्या फोडी करत असे.

त्या शनिवारी समोरच्या मुली फार चांगल्या होत्या. त्यांची एक बारकी, दोन वेण्यांची पोरगी सारखी चेंडू घेऊन यायची. फेनानं दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा अडवलं आणि ती पाय धरून खाली बसली.

इथल्या लहान मुलांच्या सामन्यात एक रीत आहे. कोणालाही लागलं की दोन्ही संघांची सगळी मुलं जिथल्या तिथं एक गुडघा टेकून बसतात आणि लागलेलं मूल उठेपर्यंत हलत नाहीत. तशा सगळ्या बसल्या. मैदान चिडीचूप झालं. फक्त ती वेण्यांची पोरगी बसली नाही. ती रडत रडत रेषेपर्यंत धावली, आईच्या हातातली संत्र्याची फोड घेऊन फेनापाशी आली आणि म्हणाली, "माझ्यामुळं लागलं का गं? मी मुद्दाम नाही मारलं. शप्पथ."

फेनानं फोड घेतली. खाल्ली. मग उठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच ती आपल्या मैत्रिणींना म्हणाली, "आता सगळ्या मागं या. हिला दोघींनी धरा."

विबेची काख थंडगार पडली. मी तिथंच होतो.

गाडी मैदानाबाहेर निघाली.

"पायाला काय झालं होतं?" विबेनं विचारलं.

"काही नाही."

"मग बसलीस कशाला?"

"त्या सारख्या पुढं येत होत्या ना. तू बसलास की तुम्ही जिंकता. मी मोजलंय."

"फेना, मी मोठ्यांच्यात खेळतो."

"मग?"

वळणावर विबेनं गाडी कडेला घेतली. "ती मुलगी रडत होती."

"हो." फेना खिडकीबाहेर बघू लागली. "मला वाटलं नव्हतं, ती रडेल. मोठी माणसं रडत नाहीत ना, तुमच्यात. पपा, मी तिचं संत्रंसुद्धा खाल्लं."

"मग असं करू. तू पुन्हा बसायचं नाही. मीही नाही बसणार. खरंच लागलं तरच."

"फायनलला पण नाही?"

"फायनलला पण नाही."

"डेलनं टोपी काढली तरी?"

"तुला टोपीचंही माहीत आहे?"

"पपा, सगळ्या शाळेला माहीत आहे."

त्यानं हात पुढं केला. तिनं तो गंभीरपणे धरला. "ठरलं," ती न चिडताही डचमध्ये म्हणाली. मला त्या दिवशी विबेच्या काखेचाही वास बरा वाटला.

सोमवारी विबे डेलकडं गेला आणि म्हणाला, "मी यापुढं बसणार नाही."

डेल सॅंडविच खात होता. "का? देवाचा साक्षात्कार झाला?"

"पोरगी बघते."

"माझीही बघते. माझ्या खोट्यावरच तिला घर मिळालंय." त्यानं बोट चाटलं. "हे बघ मित्रा, नियमाबाहेर आपण काही करत नाही. आणि पुढच्या मोसमाच्या कराराचं तुझं माझं बोलणं फायनलनंतर आहे. तुझ्या वयाच्या माणसाशी बाकी कोणी बोलत नाहीये, हे मला ठाऊक आहे."

रात्री जेवताना हिल्केनं विचारलं, "काय म्हणाला?" तर विबे म्हणाला, "बघू म्हणाला." करार गेला तर व्हिसा जाणार, व्हिसा गेला तर फ्रीसलंडच्या पावसात परत, आणि तिथं छत्तिशीतल्या गोलकीपरला काय काम? हिल्केनं बटाटे वाढले आणि विषय फेनाच्या दातांवर नेला.

फायनलला मैदान भरलं होतं. गोलामागच्या तिसऱ्या रांगेत फेना, गळ्यात क्लबचा मफलर. आमचा एक गोल आधीच झाला होता. उत्तरार्धात समोरचे चवताळून आले. कॉर्नरवर कॉर्नर. विबे उडी मारत होता, मुठीनं चेंडू फेकत होता, आणि मी, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा सुखी होतो. चेंडूचा प्रत्येक फटका खरा होता. प्रत्येक झोंबणं खरं होतं.

मग डेलनं टोपी काढली.

विबेनं पाहिलं आणि नजर वळवली. डेल रेषेवर आला. टोपी बगलेत. आंते ओरडला, "विबे! दिसत नाही का? मेलो आम्ही!"

पुढचा चेंडू सरळ आला, साधा, छातीवर. त्यानं तो आम्हा दोघांत अलगद घेतला. त्यानं मागं वळून तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. फेना उभी राहिली होती. तिनं मान हलवली. नाही.

विबे गवतावर बसला. आणि या वेळी गुडघा नाही, त्यानं मनगट धरलं. डावं. म्हणजे उजव्यानं मला धरलं. आपल्याच जुळ्या भावानं आपला गळा धरावा तसं. टीगन धावत आली. माझा पट्टा सोडून मला बाजूला टाकलं आणि त्या निरोगी मनगटावर थंड फवारा मारला.

"मनगट? नवीनच काढलंस," ती पुटपुटली. "गुंडाळू का?"

"गुंडाळ."

गवतावर पडून मला तिसरी रांग दिसत होती. लोक टाळ्या वाजवत होते, विबेचं नाव घेत होते. फेना खाली बसली होती आणि गळ्यातला मफलर काढून त्याची घडी घालत होती.

आम्ही जिंकलो. खेळ थांबला तेवढ्यात डेलनं दोन माणसं मागं ओढली, आणि समोरच्यांना पुन्हा वाटच सापडली नाही. टीव्हीवाली बाई माइक घेऊन आली. "मनगट कसं आहे, विबे?" खरं सांगायला ती चांगली वेळ होती. तो म्हणाला, "दुखतंय. पण फायनल आहे, काय करणार." आणि हसला. तोंडात ती काळी गोळी होती, दात काळे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात मनगट मुरगळलं होतं. आठवड्याभरात त्याला चीर गेली होती. क्लबाच्या समारंभापर्यंत ते मोडलं होतं. करार दोन मोसमांनी वाढला. त्याच समारंभात मला साबणानं धुतलं, वाळवलं, काचेत ठेवलं आणि खाली पाटी लावली: मोडलेल्या मनगटानं राखलेलं विजेतेपद. उजव्याचं काय झालं, मला माहीत नाही.

आता मी इथं आहे. माझ्यात वास उरलेला नाही. रबर सुकून तडकतंय. चहा देणाऱ्या मॉरीनबाई शाळेच्या मुलांना माझ्यासमोर उभं करतात आणि सांगतात, "असं सोसावं लागतं, बाळांनो." मुलं आ वासून बघतात. मला ओरडायचं असतं, पण हातमोज्याला तोंड कुठलं?

गेल्या महिन्यात विबेच आला होता मुलांशी बोलायला. सोबत फेना. उंच झालीय. गोलात आता उभी राहत नाही, पुढं खेळते म्हणे. एका पोरानं विचारलं, "अजून दुखतं का?"

"थंडीत ठणकतं," विबे म्हणाला. आणि खरंच कळ आल्यासारखा चेहरा करून मनगट चोळू लागला. खोटं बोलत नव्हता तो. त्याला आता खरंच दुखत होतं.

पण तो उजवं चोळत होता.

फेना त्याच्या शेजारी होती. बुटाची नाडी सुटलीय असं सांगावं तशी ती हलकेच म्हणाली, "पपा, डावं."

त्यानं हात बदलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

तेव्हापासून मला या काचेत एक क्षण राहवत नाही. जो कोणी ही काच पुसायला येईल, त्याला माझी विनवणी आहे. ती उघडा. मला बाहेर काढा आणि मागच्या दारच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. तिथं घाण असेल, मान्य. पण तिथल्या घाणीला सगळे घाणच म्हणतात.