नाड्यात बांधलेले शब्द

मी एक दोनशे पानी वही बोलतेय, आणि आधीच सांगते, वैतागून बोलतेय.

माझी मालकीण उर्वशी, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं मला विकत आणलं आणि पहिल्याच पानावर लिहिलं, 'सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द, अर्थ व मूळ'. तेव्हापासून तीन वर्षं झाली, माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

इतर वह्यांचं बरं असतं. एक धडा संपला की दुसरा. माझ्यात सगळे शब्द जोडीनं राहतात आणि जोडीतलं कोण कोणाचं, ते शेवटपर्यंत कळत नाही. फ्लावर म्हणजे फूल, आणि फ्लावर म्हणजे पीठसुद्धा. उर्वशीनं शोधलं तर हे दोघं मुळात एकच निघाले. दळलेल्या गव्हातला जो सगळ्यात बारीक, निवडक भाग, त्याला तिकडचे लोक पिठाचं फूल म्हणत. पुढे स्पेलिंगं वेगळी केली. करायचीच होती तर आधी करायची होती, मी म्हणते. उलट राइट म्हणजे बरोबर आणि राइट म्हणजे लिहिणं, हे दोघं एकमेकांचे कोणीच नाहीत. त्यातल्या लिहिण्याचा जुना अर्थ काय, तर ओरखडणं. हे तिनं माझ्याच अंगावर टोकदार पेनानं लिहिलं.

त्यात उर्वशी घाबरट. पेनाचं टोपण खाली पडलं तरी दचकते, आणि ती दचकली की अक्षरही दचकतं. माझ्या एकेचाळिसाव्या पानावर एक लांब तिरपी रेघ आहे. ती कुकरच्या शिट्टीची.

दोन शाळांत ती मुलाखतीला गेली आणि दोन्हीकडे तिचा आवाज बसला. मग सौंसरच्या एका कोचिंग क्लासनं इंग्रजीसाठी बोलावलं. वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. त्याच आठवड्यात तिच्या भावाचा, विनोदचा, पुण्याहून फोन आला.

"तुही वहिनी जानेवारीपासून ऑफिसले जाईन. बाळाले कोण पाहीन? तू येऊन जाय इकडे. इंग्रजी त्यालेच शिकव."

उर्वशी फोनवर हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं मला उघडलं, मिटलं, परत उघडलं. वाचलं काहीच नाही. बाबा, केशवराव, म्हणाले, "सौंसरचं जमलं तं राय इथंच. नाही जमलं तं दिवाळी झाली का पोचवून देतो तुले."

क्लासचे हेमंत सर भोपाळकडचे. त्यांनी शिकवून दाखवायचा दिवस ठेवला नेमका दसरा. शाळेला सुट्टी, मुलं मोकळी, असा त्यांचा विचार. आमच्याकडे दसऱ्याला काय असतं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांबरोबर पाटी-पुस्तकंही पूजेला मांडतात, आणि पूजेतलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नसतं. त्यात सरस्वती बसलेली असते.

उर्वशीनं पूजेसाठी एक जुनं भूगोलाचं पुस्तक काढून ठेवलं होतं. ती अंघोळीला गेली आणि तिच्या आईनं, जयवंताबाईनं, ते बाजूला सारून मला उचललं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण पोरीचा जीव कशात आहे ते तिला वाचता येतं. लाल कपड्यात गुंडाळून, वरून नाडा बांधून, तिनं मला विळ्याच्या आणि संत्री तोडायच्या कैचीच्या मधोमध ठेवलं आणि हळदीकुंकू वाहिलं. हळद माझ्या शिवणीत गेली. मला शिंकता येत नाही, नाहीतर दाखवलं असतं.

"आई, माही वही कुठी हाय?"

"पूजेत."

"आज डेमो हाय वं माहा."

"म्हणूनच ठेवली. भूगोलाच्या पुस्तकाचा डेमो हाय का तुहा?"

"मले त्यातून पाहा लागते."

"तीन सालापासून तूच पाहून राहिली. आज एक दिवस सरस्वतीले पाहू दे."

उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी बाबांनी निवाडा केला. वही घेऊन जायची, पण नाडा सोडायचा नाही. तो उद्या सकाळी ते स्वतः सोडतील. म्हणजे मी जाणार, आणि गप्प बसणार. असला न्याय.

बसमध्ये ती मला मांडीवर घट्ट धरून बसली. तिचे ओठ हलत होते. अर्धे शब्द आठवत, अर्ध्यांवर ती अडखळे आणि नाड्याच्या गाठीशी बोटं चाळवे. सोडला मात्र नाही.

क्लासमध्ये तिच्याआधी दोघांची पाळी होती. पहिल्यानं उभं राहून सांगितलं, पेज नंबर बयालीस निकालो. मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"किताब कहाँ है?" मागून हेमंत सरांनी विचारलं.

"पूजेत हाय सर."

"किसकी?"

"सबकी."

पहिल्याचं तिथंच संपलं. दुसऱ्यानं पुस्तकाशिवाय भाषण केलं. मुलांनी खिडकीतून बाहेरची झेंडूची गाडी पाहिली.

मग उर्वशी उठली आणि तिनं मला टेबलावर ठेवलं. लाल कपडा, हळद, गाठ, सगळं तसंच.

"ये क्या है, मॅडम?"

"मेरी कॉपी है, सर. ये भी पूजा की है."

मुलं हसली. "मॅडमचीपण बांधली," मागून कोणीतरी म्हणालं. सरांनी कपाळाला हात लावला. त्या हसण्यानं उर्वशीचा घसा मोकळा झाला.

"हाटात काही दुकानदार कसे असते?" तिनं विचारलं. "आज सौंसर, उद्या दुसरं गाव. आणि काही एकच जागा धरून बसते. पूर्वी युरोपात विद्यापीठाजवळ पुस्तकवाले असेच जागा धरून बसत. लॅटिनमध्ये त्यायचं नावच पडलं, जागेवरचा. त्याच्याजवळ जे मिळते ते स्टेशनरी. आणि जे जागचं हलत नाही तेही स्टेशनरी."

"मग स्टेशन, मॅडम?"

"तेही त्याच घरचं. थांबायची जागा."

"आमच्या तिगावच्या स्टेशनवर तं अर्ध्या गाड्या थांबतच नाही."

आता हसायची पाळी सरांची होती. मी बांधलेली, तरी मला बरं वाटलं. आणि तेवढ्यात, सगळं नीट चाललेलं असताना, तिनं वाळवंटाचा डेझर्ट आणि जेवणानंतरचा गोड डिझर्ट काढला. म्हणाली, दोन्हींचं मूळ एकच. सगळे उठून गेले, मागे ओस पडलं, मग ते वाळवंट असो की पंगत.

मी नाड्यात तडफडले. सत्त्याऐंशीवं पान, तळाची ओळ. वाळवंटाचं मूळ सोडून जाण्यात, गोडाचं मूळ जेवलेली ताटं उचलण्यात. दोन वेगळी क्रियापदं. तिनंच लिहिलंय, तांबड्या शाईत, खाली दोन रेघा मारून.

वर्गात एकच मुलगी लिहून घेत होती. रामाकोन्याची शीतल. तिच्या घरी दसऱ्याला पुस्तकं बांधत नाहीत, त्यामुळे वही-पेन फक्त तिच्याकडे. सरांनी तिची वही मागितली, उभ्यानंच वाचली आणि उर्वशीला म्हणाले, "सोमवार से आइए."

तीन वर्षं ओरखडे सोसले मी, आणि निवड झाली कोणाच्या वीस मिनिटांच्या वहीवर. जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नाडा सोडला. उर्वशी हसत पानं उलटत होती. सत्त्याऐंशीवर आली आणि तिचा चेहरा उतरला.

"कोणाले समजते?" आई म्हणाली. "सर तं खूश हाय. विनोदलेबी सांगून टाकलं म्या, तू येत नाही म्हणून."

"शीतलच्या वहीत लिहिलेलं हाय, आई."

"मंग राहू दे ना. गोडच हाय ते."

मलाही आईचंच पटलं, खोटं कशाला बोलू. नोकरी हातात आलेली, पुणं टळलेलं, आणि ही चार दिवस नीट जेवली नाही. सोमवारी वर्गात गेली तेव्हा सर हजेरीचं रजिस्टर द्यायला दारातच उभे होते. निदान ते जाईपर्यंत तरी थांबायचं. पण थांबली तर ती दिवसभर थांबली असती, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. खडू हातात घ्यायच्या आधीच बोलली.

"दसऱ्याले मी एक गोष्ट चुकीची सांगितली."

आवाज कापत होता, पण बसला नाही. तिनं दोन्ही मुळं फळ्यावर वेगवेगळी लिहिली. सरांनी फळा वाचला. मग रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि दार ओढून गेले.

शीतलनं पट्टी लावून जुनी ओळ खोडली. मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, हे तरी पक्कं हाय ना?"

उर्वशी दचकली. मग तिनं मला उचलून शीतलच्या बाकावर ठेवलं. "घरी ने. पाहून सांग."

तेव्हापासून मी रामाकोन्यात आहे. शीतलचे बाबा, दादाराव, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले होते. तिथून येताना त्यांनी तिच्यासाठी जाडजूड शब्दकोश आणलाय. तो माझ्या शेजारी उघडा पडलेला असतो, आणि ही मुलगी त्याच्याशी माझी एकेक ओळ ताडून पाहून राहिली. पेन्सिलीनं, हलक्या हातानं खुणा करते. आतापर्यंत तीन चुका निघाल्यात. शेजाऱ्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शब्दांचं काही विचारायचं असेल तर आता शीतलला विचारा, मला नको. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कोणी पांढुर्ण्याला गेलात तर उर्वशीला माझा निरोप द्या. म्हणावं, जेवून घे. अजून एकशे तेरा पानं तपासायची राहिली आहेत.